कांदा, गाल आणि हायड्रिला: वनस्पती आणि प्राणी पेशी स्वतः बघायच्या तर

पाठ्यपुस्तकातली पेशी प्रत्यक्षात कुठेच सापडत नाही. पेशीभित्तिका, हरितलवकं, तंतुकणिका, गॉल्जी पिंड, रिक्तिका असं सगळं एकाच चौकटीत, वेगवेगळ्या रंगांत दाखवणारी ती आकृती शेकडो निरीक्षणं एकत्र करून काढलेली असते. ती मनात धरून मायक्रोस्कोपला डोळा लावणारा हमखास हिरमुसतो, कारण कांद्यात हिरवं काही नसतं आणि गालाच्या पेशीत एक निळा ठिपका सोडला तर फारसं काही दिसत नाही. म्हणून सुरुवातीलाच ठरवून टाका: एका नमुन्यातून पेशीचे मोजकेच भाग नीट बघायचे आणि त्या भागांसाठी योग्य तोच नमुना घ्यायचा. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. दोन रविवार सकाळी हाताशी ठेवा, एका बैठकीत सगळं उरकायला जाऊ नका.

१. सामान जमवा

मुंबईत स्लाइड, रंगद्रव्यं, काचसामान यांसाठी प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे शामलदास गांधी मार्ग गाठा. मरीन लाइन्स स्टेशनवरून चालत जाता येतं. काही दुकानं फक्त घाऊक माल देतात, त्यामुळे आत शिरताच किरकोळ मिळेल का ते विचारा. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात.

लागणाऱ्या वस्तू:

– संयुक्त मायक्रोस्कोप: १० एक्स (दहा पट) आयपीस, म्हणजे डोळ्याकडची लेन्स, आणि ४, १०, ४० एक्सची ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे नमुन्याकडच्या लेन्स. १०० एक्सचं तेलाचं ऑब्जेक्टिव्ह या कामाला लागत नाही.
– साध्या स्लाइड, ७५ × २५ मि.मी., एक खोका
– कव्हर स्लिप (नमुन्यावर ठेवायची पातळ काच), १८ किंवा २२ मि.मी. चौकोनी, ‘नंबर १’ जाडीच्या
– आयोडिनचं द्रावण
– मेथिलीन ब्लू, ०.१ टक्का
– नॉर्मल सलाइनची छोटी बाटली (कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते)
– सर्जिकल स्पिरिट
– चिमटा, शिवणाची सुई, नवं ब्लेड, दोन ड्रॉपर, टिपकागद
– पारदर्शक प्लास्टिकची पट्टी, लेन्स पुसायचा कागद

आयोडिनबद्दल थोडं सविस्तर. प्रयोगशाळेत वापरतात ते ग्रॅमचं आयोडिन म्हणजे १ ग्रॅम आयोडिन, २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आणि ३०० मि.ली. पाणी. हे तयारच विकत घ्या. मेडिकलमधलं टिंक्चर आयोडिन अल्कोहोलमध्ये असतं, त्याने पेशी आक्रसतात. दुसरं काही मिळालंच नाही, तर तिप्पट-चौपट पाणी घालून वापरा. मेथिलीन ब्लू बहुतेकदा १ टक्क्याचं मिळतं. ते तसंच वापरलं तर सगळी स्लाइड निळी ठिक्कर पडते आणि केंद्रक त्यात बुडून जातं. १ मि.ली. द्रावणात ९ मि.ली. पाणी घालून ठेवा. ओट्यावर हे काम करणार असाल तर आधी वर्तमानपत्र अंथरा. मेथिलीन ब्लूचा डाग पांढऱ्या टाइलच्या सांध्यातून सहज जात नाही.

फोल्डस्कोप, म्हणजे घड्या घालून बनवलेला कागदी मायक्रोस्कोप, असेल तर तोही चालेल. साधारण १४० पट मोठं दिसतं, त्यात कांदा आणि गाल दोन्ही होतात. पायरी ७ मधला पेशीद्रव्याचा प्रवाह मात्र त्यात नीट दिसत नाही.

२. मायक्रोस्कोप लावताना

टेबल भिंतीला टेकवा आणि पंखा बंद करा. पंख्याखाली कव्हर स्लिप उडते आणि पाण्याचा थेंब पाच मिनिटांत सुकतो. घर रेल्वेलाइनच्या कडेला असेल तर ४०० पटीवर प्रत्येक लोकलबरोबर चित्र थरथरणार. गाडी जाऊ द्यायची आणि पुन्हा बघायचं.

आरशाचा मायक्रोस्कोप असेल तर आरसा उन्हाकडे कधीही वळवू नका, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. चाळीच्या किंवा बिल्डिंगच्या आतल्या खोलीत उजेड नसतो, तिथे पांढरा एलईडी दिवा एक फुटावर ठेवा.

सुरुवात नेहमी ४ एक्सवर करा. स्लाइड ठेवली की बाजूने बघत ऑब्जेक्टिव्ह स्लाइडच्या जवळ आणा. मग डोळा आयपीसला लावा आणि मोठ्या स्क्रूने अंतर वाढवत चित्र स्पष्ट करा. आयपीसमधून बघत असताना अंतर कमी करत जायचं नाही, कारण कव्हर स्लिप तडकते ती याच वेळी. ४० एक्सवर तर मोठ्या स्क्रूला हातच लावू नका, फक्त बारीक स्क्रू.

नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो डायफ्रॅमपायी, म्हणजे स्लाइड ठेवतात त्या स्टेजखालच्या, उजेड कमी-जास्त करणाऱ्या झडपेपायी. पेशी जवळजवळ पारदर्शक असतात. डायफ्रॅम पूर्ण उघडा ठेवला तर प्रकाशाच्या झोतात त्या विरघळून जातात आणि ‘स्लाइडवर काही नाहीच’ असं वाटतं. स्टेजखालची दांडी फिरवून उजेड कमी करत जा, एका टप्प्यावर कडा काळ्या होऊन उठून येतात. रंग न दिलेल्या नमुन्यासाठी डायफ्रॅम बराच मिटलेला आणि रंगवलेल्यासाठी थोडा उघडा, एवढं हाताला बसलं की अर्धं काम झालं.

गोल, जाड काळ्या काठाचं आणि आतून अगदी रिकामं असं काही दिसलं तर ती पेशी नव्हे, हवेचा बुडबुडा. कव्हर स्लिप आडवी टाकली की बुडबुडे येतात. तिची एक कड थेंबाला टेकवायची, सुई खाली धरायची आणि ४५ अंशांतून हळूहळू खाली सोडायची.

३. कांदा: भित्तिका, केंद्रक, पेशीद्रव्य

कांदा उभा चिरा, चार फोडी करा. एका फोडीतली मधली मांसल पाकळी घ्या. पाकळीची आतली, खोलगट बाजू तुमच्याकडे करा. त्या बाजूला एक पातळ, ओल्या कागदासारखा पापुद्रा असतो. ब्लेडने त्यावर अर्धा सें.मी.चा चौकोन आखा आणि चिमट्याने एक कोपरा धरून ओढा. पापुद्रा बोटावर घेतला तर खालच्या रेषा दिसायला हव्यात. पांढरट आणि जाड दिसत असेल तर गर आलाय, टाकून द्या. वरची तपकिरी कोरडी साल घेऊ नका, तिथल्या पेशी मेलेल्या असतात.

पापुद्रा हवेत धरून ठेवू नका, लगेच स्लाइडवरच्या पाण्याच्या थेंबात टाका. गुंडाळला तर दोन सुयांनी पसरा. दुमडलेल्या जागी पेशींचे दोन थर येतात आणि तिथे काहीही कळत नाही.

पहिली स्लाइड रंग न देता बघा. बहुतेक ठिकाणी आयोडिन आधीच टाकायला सांगतात, आणि तिथेच चांगला भाग हातचा जातो. १० एक्सवर विटांच्या भिंतीसारख्या लांबट पेशी दिसतील. ४० एक्सवर जा, डायफ्रॅम मिटवा आणि एकाच पेशीवर दोन मिनिटं थांबा. कडेने आणि केंद्रकाभोवती पेशीद्रव्याचे बारीक धागे असतात आणि त्यातून कण सरकताना दिसतात. ही पेशी जिवंत आहे.

आता आयोडिन. कव्हर स्लिप काढायची गरज नाही. एका कडेला आयोडिनचा एक थेंब ठेवा, समोरच्या कडेला टिपकागद टेकवा. कागद पाणी ओढतो, मागोमाग आयोडिन आत शिरतं. दोन-तीन मिनिटांत केंद्रक पिवळट तपकिरी होतं. कणांची हालचाल थांबलेली असेल, कारण आयोडिनने पेशी मेली.

केंद्रक काही पेशींत मध्यभागी दिसेल, काहींत कडेला चिकटलेलं. फरक आपण कुठल्या बाजूने बघतो एवढाच. पेशीचा जवळजवळ सगळा मधला भाग रिक्तिकेने, म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशवीने, व्यापलेला असतो आणि केंद्रक भिंतीलगतच्या पातळ थरात दबलेलं असतं. मध्ये दिसणारं केंद्रक वरच्या किंवा खालच्या भिंतीला टेकलेलं आहे. बारीक स्क्रू हलवून बघा, भिंतीच्या कडा आणि केंद्रक वेगवेगळ्या पातळीला स्पष्ट होतील. केंद्रकात एक-दोन ठळक ठिपके दिसले तर ती केंद्रकी.

आणि वहीतली नेहमीची चूक: कांद्याच्या पेशीत हरितलवकं काढू नका. त्याच्या आतल्या मांसल पाकळ्यांना उजेड मिळत नाही. आयोडिनने काळंनिळं काही दिसलं असंही लिहू नका. कांदा साठा करतो तो शर्करेचा, त्यात स्टार्च नसतो.

४. मीठ: न दिसणारं प्रद्रव्यपटल दिसतं करणं

प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीद्रव्याभोवतीचं आवरण, इतकं पातळ आहे की साध्या मायक्रोस्कोपला ते दिसत नाही. त्यातून ते भित्तिकेला आतून घट्ट चिकटलेलं असतं. ते भित्तिकेपासून सोडवलं तर त्याची कड कळते.

यासाठी लाल-जांभळा कांदा घ्या आणि या वेळी पाकळीच्या बाहेरच्या, फुगीर बाजूचा जांभळा पापुद्रा काढा. जांभळा रंग रिक्तिकेत असतो, म्हणून तीही आयतीच दिसते. हा पापुद्रा आतल्याइतका सहज निघत नाही, ब्लेड आडवं धरून पातळ काप घ्यावा लागतो.

१०० मि.ली. पाण्यात ५ ग्रॅम मीठ विरघळवा. अर्ध्या कपाला जेमतेम एक सपाट चहाचा चमचा. आधी साध्या पाण्यात बघा: जांभळा रंग भिंतीपर्यंत भरलेला. मग मिठाचं पाणी टिपकागदाच्या युक्तीने आत ओढा आणि डोळा हलवू नका. दोन-चार मिनिटांत रंगीत भाग कोपऱ्यांतून सुटायला लागतो, मग आक्रसून गोळा होतो आणि भित्तिकेची चौकट रिकामी मागे राहते. त्या गोळ्याची कड म्हणजे प्रद्रव्यपटल. पाणी बाहेर गेलं, भित्तिका जागची हलली नाही.

पुन्हा साधं पाणी आत सोडलं तर गोळा परत फुगतो, पण थोडं थोडं सोडा. एकदम सोडल्यास पेशी फुटतात. काहीच घडत नसेल तर पापुद्रा शिळा आहे किंवा त्याला आधी आयोडिन लागलंय. मेलेल्या पेशीत हा प्रयोग होत नाही.

५. गालाची पेशी

चूळ भरा. आइस्क्रीमच्या काडीच्या बोथट टोकाने गालाची आतली बाजू पाच-सहा वेळा हलकेच खरवडा. टूथपिक वापरायची तर टोक नाही, आडवी बाजू. रक्त येता कामा नये. स्लाइडवर सलाइनचा छोटा थेंब घेऊन काडी त्यात फिरवा. साध्या पाण्यात प्राणी पेशी फुगतात, भित्तिका नसल्याने त्यांना आवरायला काही नसतं. सलाइनचं प्रमाण, ०.९ टक्का मीठ, शरीरातल्या द्रवाशी जुळतं.

मेथिलीन ब्लूचा एक थेंब, एक मिनिट थांबा, कव्हर स्लिप, जादा रंग कडेने टिपून घ्या. ४ एक्सवर विखुरलेले निळसर ठिपके शोधा आणि एकटी पडलेली पेशी निवडा. गठ्ठ्यात काही कळत नाही.

दिसेल ते असं: चपटी, वेडीवाकडी, एखाद्या कडेला दुमडलेली पेशी, रुंदी ५० ते ६० मायक्रोमीटर (मि.मी.चा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर), मध्ये गडद निळं केंद्रक, बाकी फिकं पेशीद्रव्य. कांद्यासारखी दुहेरी रेघ कुठेच नाही, आकाराला शिस्त नाही. मोठी रिक्तिका नसल्यामुळे केंद्रकही बहुधा मधोमध राहतं.

पेशीवर आणि आजूबाजूला अगदी बारीक निळे ठिपके किंवा दांड्या दिसतील. जर्नलमध्ये त्यांना तंतुकणिका म्हणून नाव दिलं जातं. ते तोंडातले जिवाणू आहेत.

वापरलेली काडी आणि स्लाइड एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी अशा द्रावणात अर्धा तास ठेवून मग टाका किंवा धुवा. दुसऱ्याच्या तोंडातला नमुना हाताळू नका, ज्याने त्याने आपला घ्यावा.

६. कलेजीचा ठसा

गालाची पेशी ही प्राणी पेशीचा एक कोपरा झाली, शरीराच्या आवरणातली. आतल्या अवयवाची पेशी बघायची असेल तर चिकनवाल्याकडून ताज्या कोंबडीची कलेजी घ्या, अगदी सुपारीएवढी. फ्रीजरमधली नको, बर्फाने पेशी फुटलेल्या असतात. घरात चालत नसेल तर ही पायरी सोडून पुढे जा.

नव्या ब्लेडने कापा, कापलेली बाजू एकदा टिपकागदावर टेकवून जादा रक्त काढा आणि स्लाइडवर तीन-चार ठिकाणी नुसती टेकवून उचला. घासू नका. या एका कामासाठी पंखा चालू करा, पाच मिनिटं सुकवा. मग सर्जिकल स्पिरिट दोन मिनिटं, पुन्हा सुकवा, मेथिलीन ब्लू दोन मिनिटं, नळाची अगदी बारीक धार, सुकवा. कव्हर स्लिपखाली पाण्याचा थेंब घालून बघा.

गोलसर, बहुकोनी पेशी आणि त्यात ठसठशीत गोल केंद्रक. एखादीत दोन केंद्रकंही सापडतात, यकृतात ते नेहमीचं आहे. आणि मध्येमध्ये लहान, लंबगोल पेशी दिसतील. त्या कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशी, त्यांत केंद्रक आहे. माणसाच्या, शेळीच्या तांबड्या पेशीत ते नसतं. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो, आणि बघितलेलं विसरत नाही.

हे काम स्वयंपाकाच्या पाटावर करू नका, नंतर साबणाने हात धुवा.

७. हिरवं बघायचं तर हायड्रिला

क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मत्स्यालयाच्या दुकानांत हायड्रिला या पाणवनस्पतीची जुडी मिळते. घरी आणून एक दिवस शिळ्या पाण्यात, उजेडात ठेवा. ताज्या नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ती मरगळते. शेंड्याजवळचं एक कोवळं पान खुडा आणि अख्खंच पाण्याच्या थेंबात ठेवा. पान दोनच थर जाड असतं, काप घ्यावा लागत नाही.

४० एक्सवर हिरवे वाटाणे भरल्यासारखी हरितलवकं दिसतात, प्रत्येक साधारण ५ मायक्रोमीटरचं. मधल्या शिरेजवळच्या लांबट पेशी निवडा. पाच-दहा मिनिटं दिव्याची ऊब मिळाली की हरितलवकं एकामागोमाग भिंतीच्या कडेने फिरायला लागतात. ती स्वतः पोहत नाहीत, पेशीद्रव्याचा प्रवाह त्यांना ओढून नेतो आणि मधली रिक्तिका त्यांना कडेलाच ठेवते. हलत नसतील तर पाणी गार आहे किंवा पान जून आहे. हिवाळ्यात बशीत कोमट पाणी घेऊन पान त्यात थोडा वेळ ठेवावं.

खिडकीच्या ग्रिलमध्ये ऱ्हिओ असेल, वरून हिरवा आणि खालून जांभळा, तर त्याच्या पानाचं खालचं साल फाडून काढा. जांभळ्या पेशींच्या फरशीत मध्येच दोन हिरव्या रक्षक पेशी आणि त्यांच्यामधलं पर्णरंध्र दिसतं. रस हाताला खाजतो, हातमोजे घाला.

८. पेशीतला साठा, भराभर

बटाट्याचा कापलेला भाग स्लाइडवर खरवडा, आयोडिन अगदी पातळ करून घाला: अंड्यासारखे निळे स्टार्चकण, त्यांत कडेला सरकलेलं केंद्र आणि भोवती वळ्या. जास्त आयोडिनने ते नुसते काळे होतात.

कच्चं केळं आणि काळे ठिपके पडलेलं पिकलं केळं शेजारी शेजारी बघा. कच्च्यात पेशी स्टार्चने भरलेल्या, पिकल्यात कण मोजके. बाकीची साखर झाली.

पिकल्या टोमॅटोच्या गरात लालकेशरी वर्णलवकं रंग न देताच दिसतात.

अळूच्या देठाचा रस घेतला तर सुयांच्या जुड्या दिसतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक. अळूचं फदफदं कच्चं राहिलं की घसा खवखवतो त्यात यांचा हात असतो.

९. काय दिसणार नाही

प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत, पट कितीही वाढवली तरी. रायबोझोम त्याच्या दहाव्या हिश्शाइतकं आहे. आंतर्द्रव्यजालिका, लयकारिका, तंतुकणिकेच्या आतल्या घड्या यांनाही इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच लागतो. इटालियन शास्त्रज्ञ कामिल्लो गॉल्जींनी १८९८ मध्ये चांदीच्या क्षारांनी रंगवून ते पिंड साध्या मायक्रोस्कोपमध्ये पाहिले होते, पण ते खरे की रंगाचा परिणाम यावर पन्नासेक वर्षं वाद चालला. तेव्हा हे भाग जर्नलमध्ये ‘निरीक्षण’ या मथळ्याखाली काढू नका. त्यांची जागा वेगळ्या, संदर्भ आकृतीत.

१०. माप आणि आकृती

पारदर्शक पट्टी स्टेजवर ठेवून ४ एक्सवर बघा आणि दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास मोजा. समजा ४.५ मि.मी. आला. मग १० एक्सवर तो १.८ मि.मी. आणि ४० एक्सवर ०.४५ मि.मी., म्हणजे ४५० मायक्रोमीटर. ४० एक्सच्या वर्तुळात कांद्याच्या दोन पेशी लांबीने मावल्या तर एकेक साधारण २२५ मायक्रोमीटरची. तेवढ्याच जागेत गालाच्या सात-आठ पेशी मावतात, हा फरक आकृतीत दिसला पाहिजे.

आकृती एच.बी. पेन्सिलने, एकसलग रेघेने. छटा देऊ नका. दोन-तीनच पेशी काढा, पण मोठ्या. नावांच्या रेघा एकमेकींना छेदू देऊ नका, त्यांना बाणाचं टोक नको. खाली नमुना, रंगद्रव्य आणि एकूण पट लिहा: १० गुणिले ४०, ४०० पट. कांद्याची भित्तिका दुहेरी रेघेने काढा. गालाच्या पेशीला एकच रेघ.

११. आवरताना

४ एक्सचं ऑब्जेक्टिव्ह खाली आणूनच स्लाइड काढा. ४० एक्सला मीठ किंवा रंग लागला असेल तर लेन्सच्या कागदाला पाण्याचा एक थेंब लावून पुसा, मग कोरड्या कागदाने. रुमाल किंवा बनियनचं फडकं नको, ओरखडे पडतात.

मुंबईच्या पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि एकदा काचेवरचा लेप खाल्ला की ती निघत नाही. जून ते सप्टेंबर मायक्रोस्कोप त्याच्या लाकडी पेटीत बंद करून ठेवू नका. आयपीस आणि ऑब्जेक्टिव्ह काढून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. जेल केशरी रंगाचं घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड हे विषारी रसायन असतं. रंग बदलला की जुन्या पत्र्याच्या ताटलीत मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं, फक्त ती ताटली परत स्वयंपाकात घेऊ नका.